अर्ध्या जबड्यावर पूर्ण संशय

माणूस दुखण्यातून उठला की घरात औषधाच्या बाटल्या उरतात म्हणे. आमच्या घरी किस्से उरले, राजेहो! आठवडा गेला की एखादा नवीन तयार. तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेल्या खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर दिला. नागपूरच्या डॉक्टरनं डावा जबडा काढला, छातीचं मांस गालात बसवलं, वरून रेडिएशनचे शेक दिले. आता मी साकोलीला परत येऊन माझं बिछायत केंद्र चालवतो, म्हणजे मंडप, खुर्च्या, गाद्या भाड्यानं देतो. हा पुन्हा खर्रा खातो का, म्हणून सारं गाव माझ्यावर नजर ठेवून असतं. मीही कोणावर विश्वास ठेवत नाही. प्लॅस्टिकच्या एकाच पन्नीतून खर्रा खाणारे आम्ही तिघं होतो: मी, पतिराम टेलर आणि मोरेश्वर. माझा नंबर लागला. तेव्हापासून एकच धास्ती आहे, आता पुढचा कोण?

* * *

संध्याकाळी घरी गेलो की बायको, सुनंदा, दारातच अडवते.

"आ करा!"

मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघते, हुंगते, मग खिसे तपासते. एकदा खिशात पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली. झालं!

"अजी, हे काय होय?"

"खायचा सोडा होय वं. गुळण्या कराले."

"मले नका शिकवू. चुना कायले लपवला?"

तिनं बोटावर घेऊन चाटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, चला, सुटलो. तर म्हणते, "सोडाच आहे. पण खर्ऱ्याचा वास माराले आणला असन!"

* * *

संशय घ्यायला मी काही कमी नाही. पातळ खिचडी खाताना तोंडात केस लागायला लागला. ओढावा तर निघेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"सुनंदा, रोज केस खाऊ घालून राहिली का मले?"

बिचारी डोक्याला रुमाल बांधून सैपाक करायला लागली. तरी केस आहेच! मी तर म्हटलं, ही मुद्दाम करते. दोन महिने घरात हेच भांडण.

शेवटी डॉक्टरला विचारलं. तो हसायलाच लागला. "अहो, गालात लावलेलं कातडं छातीचं आहे. छातीवर केस येतात, तर तिथेही येणार! तुमचेच आहेत."

सुनंदानं तिथल्या तिथं पिशवीतून रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला. "डॉक्टरसाहेब, आता हा यायच्या तोंडात बांधा!"

* * *

शहापूरला एका पाव्हण्याकडे गेलो होतो. सगळ्यांना स्टीलच्या ग्लासात पाणी, मला एकट्याला कागदी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कॅन्सर काय ग्लासातून पसरतो? डोकंच फिरलं माझं. पाव्हण्याच्या पुढचाच ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. ओठातून थोडं सांडतंच माझ्या, तेही सांडू दिलं.

निघताना पाव्हण्यानं तोच ग्लास पिशवीत घालून हातात दिला. "असू द्या, आठवण म्हणून!"

घरी सुनंदानं तो ग्लास वाजवून पाहिला. "चांगला जाड आहे. पुढच्या टायमाले पाण्याच्या पितळी गुंडाले तोंड लावजा!"

* * *

जीभ अजून नीट वळत नाही, बोलणं लडबडतं. एका माणसानं पोरीच्या लग्नाच्या मंडपासाठी फोन केला. माझी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणतो, "भाऊ, सकाळी सकाळीच घेऊन बसले का?"

"दारू नाही, ऑपरेशन झालं आहे."

"सगळे असंच सांगतात!"

अर्ध्या तासात स्वतः खात्री करायला दुकानात हजर. आधी जवळ येऊन वास घेतला, मग माझा गाल पाहिला. चेहराच उतरला त्याचा. हात जोडले, माफी मागितली, मंडप बुक केला. आणि मन भरून आल्यामुळे खिशातून पन्नी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या भाऊ, थोडा थोडा खर्रा!"

* * *

आता मोरेश्वर. पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करतो, दुकान माझ्या समोरच. सुनंदाचा पक्का खबऱ्या! मी पानठेल्याकडे नुसतं वळून पाहिलं तरी घरी फोन जातो. माझं ऑपरेशन झालं त्याच दिवशी खर्रा सोडला, असं तो सांगतो. मला कधी पटलं नाही, पण सापडलाही नाही.

परवा आम्ही तिघं भजी खात बसलो होतो. मोरेश्वर मिरच्या वेचून बाजूला ठेवत होता.

"काहून बे?"

"आग होते तोंडात."

माझंही असंच सुरू झालं होतं. मी हसत हसत विषय काढला, "चला, आ करा सगळे! डॉक्टर म्हणते, चांगल्या तोंडात तीन बोटं उभी दातात गेली पायजे."

पतिरामनं लगेच घातली. "गेली! मी पास!"

"मोरेश्वर, तू?"

"माहे हात ग्रीसचे आहेत."

"धुऊन ये."

धुऊन आला. एक बोट गेलं. दुसरं अडकलं. त्यानं जोर लावला, तरी जाईना.

"माहं तोंड लहानपणापासूनच लहान आहे बे."

"हट्! तुह्या लग्नात तर अख्खा लाडू..." पतिरामनं हातातलं भजं खाली ठेवलं. मोरेश्वर उठला, दुकानात गेला आणि शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा. आंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"वहिनी, याचा आज नागपूरले चेकअप आहे ना? म्हटलं, एकटा कायले जाते, मी सोबत जातो."

सुनंदानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. चेकअप पुढच्या महिन्यात होता.

"हो बे, आजच आहे," मी म्हटलं. "बस जरा, शर्ट घालतो."