तीनदा वाजला तर थांबायचं

अंबरनाथ स्टेशनजवळच्या शेअर रिक्षा स्टँडवर मोबाईलवर बंदी आली ती माझ्यामुळे. हे मी कधी लपवलं नाही. तेव्हा मी साठी ओलांडली होती आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. रोज सकाळी तीच वेळ, तोच स्टँड आणि बहुतेक वेळा तीच रिक्षा.

रिक्षावाला तिशीच्या आतबाहेरचा. कमी बोलणारा, गाडी पुसून लखलखीत ठेवणारा. खोड एकच. खिशात मेसेजचा आवाज झाला की एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात फोन आणि डोळे फोनमध्ये. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. तो "हो मावशी" म्हणायचा आणि पुन्हा तेच. एका सकाळी मेसेज वाचता वाचता त्याने रिक्षा उभ्या टेम्पोवर नेऊन आदळली. मेलं कोणी नाही. माझा गुडघा मात्र पुढच्या दांडीवर आपटून असा सुजला की मला आठवडाभर घरी बसावं लागलं.

आठवड्याने मी लंगडत स्टँडवर गेले. तिथे रिक्षांचे नंबर लावणारा एक वयस्कर ड्रायव्हर होता. सगळे त्याला काका म्हणायचे. त्याने नंबर दिला नाही तर लाइनीत गाडी लागायची नाही. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "गाडी चालवताना जो मेसेज करेल त्याला नंबर देऊ नका."

एकच गलका झाला.

"मावशी, फोन माझा, गाडी माझी. मध्ये बोलणाऱ्या तुम्ही कोण?"

"आज मोबाईल बंद, उद्या म्हणाल तंबाखू बंद. मग काय भजन करत गाडी चालवायची?"

"आपला देश आझाद आहे, मावशी!"

"आहे ना? मग माझा गुडघा पण आझाद आहे," मी म्हटलं. "तुला जीव द्यायचा तर एकटा जा. मला मागे बसवून नको."

"ए, गप बसा रे," एक जण म्हणाला, "उद्या लाटणं घेऊन येतील."

सगळे हसले, पण काकांनी नियम केलाच. चालू गाडीत फोन हातात दिसला की आठ दिवस नंबर नाही.

ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो घोळक्यात मागे उभा होता. आता तो पुढे आला. "मग माझा नंबर आजच काढा, काका. मी फोन बघायचा थांबू शकत नाही."

"का रे, छोकरी पटवलीस काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"बायको आहे. तिला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. सातवा महिना चालू आहे. दिवसा घरात दुसरं कोणी नसतं. तुमच्या बायका फोनवर बोलतात, माझी लिहून बोलते. तिचं बोलणं बंद करू का?"

मला त्याची दया आली. पण खरं सांगते, दया आली म्हणून माझं मत बदललं नाही. मेसेज बायकोचा होता म्हणून काही टेम्पो बाजूला सरकला नव्हता. काकांना माझंही पटत होतं आणि त्याचंही. "दोन दिवस गाडी काढू नको," ते म्हणाले, "बघू काय करायचं ते."

तिसऱ्या दिवशी तो बायकोसोबत आला. ती पुढे आणि तो मागे होता, म्हणजे तीच त्याला घेऊन आली म्हणायचं. अंगाने किरकोळ, पोट पुढे आलेलं, वेणी घट्ट घातलेली. एवढ्या पुरुषांच्या घोळक्यातून सरळ चालत ती त्याच्या रिक्षापाशी गेली. त्याला इंजिन चालू करायला लावलं आणि दांडीवर तळहात ठेवून गाडी किती थरथरते ते बघितलं; नुसता थरथरणारा फोन त्यात कळलाच नसता. मग पर्समधून घरी शिवलेली नाडीची थैली काढली. नवऱ्याचा फोन तिच्यात टाकला आणि थैली त्याच्या सीटमागे, आम्ही बसतो त्या बाजूला बांधली. गाडी चालवताना त्याचा हात तिथे पोचणं शक्य नव्हतं.

मग तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. थैलीतला फोन वाजला. तिने आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ऐकू आलं का, असं ती विचारत होती. मी मान हलवली. तिने फोन कट केला, एक बोट दाखवलं आणि स्टँडच्या जमिनीकडे खूण केली. एकदा वाजला तर पोचल्यावर बघायचं. मग लागोपाठ तीनदा वाजवला, तीन बोटं दाखवली आणि रस्त्याच्या कडेकडे हात केला. तीनदा वाजला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. शेवटी तिने नवऱ्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. सगळा स्टँड हसला, तोही हसला.

"मिस कॉल!" काका म्हणाले. "च्यायला, आपण सगळे दिवसभर मिस कॉल देतो, एकालाही सुचलं नाही."

ते खरंच होतं. जिने जन्मात रिंग ऐकली नव्हती तिने रिंगवर नियम बसवला होता, आणि आम्ही कानवाले भांडत बसलो होतो.

"पण पॅसेंजरच्या कानाशी वाजणार त्याचं काय?" आझाद देशवाल्याने विचारलं.

"पॅसेंजर मी आहे. मला चालेल."

काकांनी त्याला नंबर दिला.

त्याने नियम पाळला. फोन एकदा वाजायचा, त्याचे खांदे जरा हलायचे, पण मान वळायची नाही. मी मागून लक्ष ठेवून असायची.

दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी, कारखान्यांच्या भिंती सुरू होतात तिथे, फोन लागोपाठ तीनदा वाजला. त्याने रिक्षा कडेला घेतली, उतरला, मागे येऊन फोन काढला. वाचताना त्याचा चेहरा उतरला. "मावशी, तिला कळा सुरू झाल्यात."

"आधी आम्हाला सोड ना यार," शेजारचा शर्ट-पँटवाला म्हणाला, "माझं पंचिंग आहे, लेट मार्क लागेल."

"उतर," मी म्हटलं.

"अहो, पण..."

"उतर म्हणते ना!"

आम्ही तिघे उतरलो. त्याने फोन परत थैलीत टाकला, नाडी ओढली, मगच गाडी वळवली. त्या घाईतही. मी पुरुष जातीचं कौतुक सहसा करत नाही, पण तेव्हा केलं. शर्ट-पँटवाला कंपनीच्या गेटपर्यंत माझ्यामागे बडबडत आला. मी ऐकून घेतलं.

तो वेळेत पोचला. मुलगी झाली. बारा दिवसांनी मी उल्हासनगरला त्यांच्या खोलीवर गेले. त्याला म्हटलं, "हिला सांग, तुझ्या गाडीतला फोन मीच बंद करायला लावला होता." त्याने हातांनी सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, हसली, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला स्टोव्हकडे वळली. तो दूध आणायला खाली गेला.

थोड्या वेळाने बाळ रडायला लागलं. ती पाठमोरी होती. मी हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं, बाळाला घेऊन उठले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.