दोन शिवड्या

माझा जन्म संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला, ठाकूरद्वारचा. वडील मोर्चातून घरी परतले तेव्हा मी दोन तासांचा होतो, असं आई सांगे. त्यामुळे असेल, पण ऑफिसात सगळे इंग्रजीत खरडत तेव्हा मी टिपणं मराठीत करायचो, आणि त्याची मला ऐट होती. ती ऐट कुणाला भोवली ते आज लिहून टाकतो.

आमच्या विमा कचेरीतल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या बारा लहान डिस्क जाऊन चार मोठ्या येणार होत्या. कुठली फाइल कुठल्या डिस्कवर बसवायची, हा आराखडा माझ्याकडे. काम चाळीतल्या खोल्या वाटण्यासारखंच. सतत लागणाऱ्या दोन फाइली एकाच डिस्कवर ठेवल्या, की नळावर भांडण ठरलेलं. साहेब चिडवायचे, "बारा तुकडे जोडताय, झालाच पाहिजे हं!"

डिस्कना नावं वस्त्यांची. जुन्यांतल्या एकीचं नाव आमच्याच कुणीतरी 'एस-एच'नं सुरू होणारं शिवडी ठेवलेलं. नव्यांतल्या एकीचं इंजिनिअरनं नकाशात बघून 'एस-ई'नं सुरू होणारं ठेवलं. इंग्रजी पाटीवर काहीही असो, आपण वाचतो शिवडीच. आराखड्याच्या वहीत मी दोघींनाही शिवडीच लिहिलं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. मशीनवर माझी सहकारी होती. परळच्या चाळीतली, घरातली पहिली पदवीधर, आणि आमच्यात सगळ्यात हुशार. नव्या विभागाची प्रमुख तीच होणार, असं जवळजवळ ठरलेलं. वहीत पहिली ओळ होती, 'ग्राहकांची यादी परळमधून शिवडीत हलवा.' ती तिनं परळ नावाच्या जुन्या डिस्कवरून नव्या शिवडीत हलवली. नववी ओळ, 'शिवडी पुसा.' मी कँटीनमध्ये होतो, तिनं तिथं फोन केला.

"अहो, शिवडी पुसायची? नक्की?"

"लिहिलंय ना मॅडम! मराठी वाचता येतं की नाही?"

मला जुनी म्हणायची होती. तिनं यादी ठेवलेली नवी शिवडी पुसली. जुनी परळ त्याआधीच पुसून झाली होती. आठवड्यापूर्वीच्या बॅकअप टेपवरून यादी उभी केली आणि पुढच्या नोंदी सगळ्यांनी आठ दिवस बसून पुन्हा भरल्या.

सोमवारी साहेबांनी वही मागितली. ती माझ्या पिशवीत, डब्याखाली होती. मी म्हणालो, "घरी राहिली." संध्याकाळी ते पान फाडलं.

विभाग मला मिळाला. तिला नाव मिळालं. "फाइली झाका रे, शिवडी मॅडम आल्या!" मीही हसायचो. एकदा तर मीच म्हणालो.

गेल्या महिन्यात तिचा निरोप समारंभ झाला. तिच्याबद्दल चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे. त्याआधी चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं.

"अहो, मला काय सांगता?" ती म्हणाली. "वही मी वाचली होती. मी चुकले नव्हते हे मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. माईक चालू आहे ना?"

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"नाव सगळ्यांसमोरच ठेवलंत ना?"

मी बोललो. दोन्ही शिवड्या, पिशवी, फाडलेलं पान. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत आमचे म्हातारे साहेब होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

ती खुर्चीतून म्हणाली, "पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."

मी पुन्हा सांगितलं.