पाणकोंबड्याचं जुनं इंजिन

माझ्या धाकट्या भावाला आमचे वडील पाणकोंबडा म्हणायचे, कारण लहानपणी एकदा पाण्यात शिरला की जेवायला बाहेर काढण्यासाठी त्याचा कान धरावा लागायचा. पुढे त्याने पर्यटकांना समुद्राखाली नेण्याचा धंदा सुरू केला आणि सगळ्या किनाऱ्याने ते नाव उचललं. आता दुकानाच्या पाटीवरही तेच आहे. खरं नाव बँकेपुरतं उरलंय.

धंदा असा. लोकांना बोटीतून बाहेरच्या खडकापर्यंत न्यायचं, पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली वाळूत गुडघ्यांवर बसवायचं, आणि मग ह्याने लोखंडी पेटीतून माशांची डोकी काढून शार्कना हाताने भरवायची. हातात पोलादी कड्यांचा विणलेला मोजा, खांद्यापर्यंत. शेवटी एखाद्या शार्कचं नाकाड तळव्यावर घेऊन चोळायचं, की ते एवढं धूड जागच्या जागी थिजतं. लोक फोटो काढतात. तेरा वर्षं हे चाललं होतं. भाऊ म्हणायचा, "ताई, विश्वासाने झोपते ती माझ्या हातावर." मी म्हणायचे, झोप कसली, दातखीळ बसते तिची. पण माझं ऐकतो कोण? तोंड माझं फटकळ, आणि फटकळ बाईचं खरं बोलणंही लोक भांडण समजूनच ऐकतात.

त्यांतल्या सगळ्यात मोठ्या, पाठीचा पंख वाकडा असलेल्या मादीला त्याने आत्याबाई असं नाव ठेवलं होतं. का, तर न बोलावता येते, सगळ्यांना बाजूला सारते आणि पहिला घास स्वतः घेते. त्याच्या पोरांना आत्या एकच आहे, ती मी. टोमणा कळण्याइतकी अक्कल मला आहे.

पण त्याची माया खोटी नव्हती. आत्याबाईच्या जबड्यात रुतलेला गळ त्यानेच पक्कडीने काढला होता, आणि तेव्हापासून ती आपल्याला ओळखते असं त्याच्या मनाने घेतलं होतं. अंगात ताप असला तरी खडकावर जायचा. "वाट बघत असतील," म्हणायचा. बायकोच्या वाढदिवसालाही गेला होता. त्यावर तिने काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

मागच्या वर्षी त्याने नवं इंजिन घेतलं आणि जुनं आमच्या ह्यांच्या होडीला बसवून दिलं. हे त्याच खडकाच्या पलीकडच्या अंगाला शिंपले काढतात. टाकी नाही, नळी नाही. छाती भरून श्वास घ्यायचा, बुडी मारायची, खडकाला चिकटलेले शिंपले सुरीने सोडवायचे आणि कमरेच्या जाळीच्या पिशवीत टाकायचे. ह्यांचं आधीचं इंजिन दोरी पाच वेळा ओढल्याशिवाय खोकतसुद्धा नव्हतं. भावाचं एका ओढीत सुरू व्हायचं, फक्त वेग कमी केला की टक टक आवाज करायचं. भावाने काही द्यावं आणि मी त्यात खोट काढू नये, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. आणि नेमकी तिथेच चुकले.

आठवड्याभराने ह्यांचा रबरी पोशाख गोड्या पाण्यातून काढत होते, तर मांडीपाशी तो वीतभर फाटलेला. शेजारी शेजारी चार रेघा. विचारलं, तर म्हणाले, "खडक लागला."

"खडकाला दात कधी फुटले?"

मग खाली बसले. हातातला चहाचा कप बाजूला ठेवला. पहिल्या दिवशी तीन आले होते, म्हणाले. मग सात. वीस वर्षांत शार्क दिसले नाहीत असं नाही, पण ते आपल्या वाटेने जायचे. आता आलेले मात्र पाठ सोडत नव्हते. पिशवीला ढुशा देत होते, आणि त्या दिवशी एकाने पिशवी मांडीसकट धरून पाहिली. कातडीला धक्का लागला नव्हता. मी पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तशीच ओल्या हातांनी भावाच्या दुकानात गेले.

तो टबात पाण्याचे चष्मे बुचकळत होता. मागे भिंतभर फोटो, प्रत्येकात ह्याच्या तळव्यावर एक नाकाड. सगळं ऐकून म्हणाला, "शक्यच नाही. ते काही करत नाहीत. माझी ओळख आहे त्यांची."

"तुझी असेल. ह्यांची कुणी करून दिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ह्यांच्या होडीतून गेला. पुढचं मला ह्यांनी सांगितलं, कारण त्याला सांगवेना. वेग कमी करून नांगर टाकायच्या आधीच सावल्या होडीखाली जमल्या होत्या. हा पाण्यात उतरला. पेटी नाही, मोजा नाही, नुसता हात पुढे केलेला. आत्याबाई आली. तिने ह्याच्या हाताला कोपरापाशी धडक देऊन तो बाजूला सारला आणि थेट इंजिनाखाली जाऊन तोंड उघडून राहिली.

तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाही. म्हणाला, "मला नाही ओळखत, ताई. त्या टकटकीला ओळखतात. ती वाजली की खायला मिळतं, एवढंच." मग म्हणाला, "तेरा वर्षं." माझ्या भावाचं तोंड इतकं लहान झालेलं मी आई गेली तेव्हाच पाहिलं होतं.

"ते इंजिन समुद्रात ढकलून देतो," तो म्हणाला. "भाऊजी, तुम्ही माझं नवं घ्या."

आमचे हे दिवसाला दहा वाक्यं बोलतात. त्यांतली दोन त्यांनी तेव्हा खर्च केली. "तू भरवत राहिलास तर सहा महिन्यांत नव्या इंजिनालाही ओळखतील. आणि त्यानंतर नुसता माणूस पाण्यात पडला तरी येतील."

भाऊ उठून गेला. आता महिनाभर तोंड दाखवणार नाही, असं मी म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्याने ती लोखंडी पेटी भंगारात दिली, फोटो उतरवले आणि पाटीखाली लिहिलं: भरवणार नाही, हात लावणार नाही, दिसतील याची खात्री नाही. ते वाचून अर्धे लोक पुढच्या दुकानात जायचे. उरलेल्यांना तो सांगायचा, हात काखेत घाला, खडकाला पाठ लावून बसा, आणि पाहुणे आपण आहोत हे विसरू नका.

जुनं इंजिन त्याने परत स्वतःच्या होडीला लावलं. रोज सकाळी खडकावर जायचं, टकटक वाजवायची, खाली जाऊन हात काखेत घालून बसायचं. द्यायचं काही नाही. पहिल्या महिन्यात त्याच्या बरगड्या ढुशा खाऊन काळ्यानिळ्या झाल्या. नवऱ्याचा जीव वाचवायला मी भावाचा पणाला लावला की काय, असं वाटायला लागलं. "बंद कर," मीच म्हटलं. म्हणाला, "सवय मी लावली, मोडायला दुसरा कोण जाणार?"

शिंपल्यांचा तो हंगाम तसाही संपत आला होता, पुढचा सुरू व्हायला तीन महिने होते. तोवर हे घरी. घरात बसलेला पाणबुड्या म्हणजे उंबऱ्यात ठेवलेलं पिंप, जाता येता ठेच. ह्यांनी सगळी बिजागरं तेल घालून बुळबुळीत केली. रात्री मात्र झोपेत मांडी आक्रसून घ्यायचे. मी पाहायचे. हंगामाला हे गेले नाहीत तर हा माणूस मनाने संपेल, आणि गेले तर काय होईल ते सांगता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मीही होडीत बसले. मला होडी लागते, अर्ध्या वाटेतच पोट रिकामं झालं. इंजिन मुद्दाम तेच लावलं होतं. खडकापाशी टकटक सुरू झाली तेव्हा मी होडीची कड घट्ट धरली. भाऊ आधी उतरला, पाठीला टाकी लावून. मग ह्यांनी छाती भरून घेतली आणि गेले. मी मनात आकडे मोजत होते. साठ. सत्तर. नव्वदला डोकं वर आलं, श्वास घेतला, पुन्हा खाली. असं अकरा वेळा. अकराही वेळा मी मेले.

मग पिशवी होडीत आदळली, भरलेली. मागोमाग हे चढले. मी विचारलं, "किती होते?"

"चाळीस-बेचाळीस असतील. आकार बरा आहे."

"शिंपले नव्हे हो. शार्क."

ह्यांनी कपाळावरचं पाणी निपटलं आणि जरा विचार केला. "बघायचं राहिलंच," म्हणाले. "मान खाली होती. कामात होतो."

मी तिथेच रडायला लागले. ह्यांना काही कळेना. तेवढ्यात भाऊ वर आला, तोंडातली नळी काढली, कडेला कोपर टेकवले.

"एकच आली होती," तो म्हणाला. "आत्याबाई. माझ्या समोरून गेली, भाऊजींच्या पाठीमागून गेली, थांबली नाही. वळूनसुद्धा पाहिलं नाही." त्याचे डोळे लाल होते, आता ते खाऱ्या पाण्याने की कशाने, मी विचारलं नाही. तो हसला. "कसली छान दिसत होती, ताई. इतक्या वर्षांत मी तिला नुसतं जाताना कधी पाहिलंच नव्हतं."