खिशातला फ्यूज

आटपाडीच्या पुढे रस्ता डाळिंबाच्या बागांत शिरतो, तिथे सिद्धूचे दुकान आहे. जळालेल्या मोटरींत तो तांब्याची तार नव्याने भरून देतो. त्याच्या आज्याने मेंढरे राखली, बापाने राखली. सिद्धूने वीज राखली. कामाला हात घालण्याआधी तो स्विचच्या पेटीतला फ्यूज उपसतो आणि सदऱ्याच्या खिशात टाकतो. फ्यूज खिशात आहे तोवर कुणाच्या बापाला वीज चालू करता येत नाही. डाव्या तळव्यावर शॉर्टसर्किटचा जुना डाग आहे, तो त्याला हे विसरू देत नाही.

पण त्याच्या कामाच्या अहवालावर सही त्याची नसते. ती ठेकेदार जयराजची असते, कारण डिप्लोमा आणि परवाना जयराजकडे. आपल्या कामाखाली आपली सही हवी, एवढ्यासाठी सिद्धूने अडतिसाव्या वर्षी सांगलीच्या एका कॉलेजात नाव घातले. बाकी विषय निघाले. सर्किटचा पेपर चारदा बुडाला. पाचवी संधी शेवटची.

अडत होते थेवेनिनच्या सिद्धांतापाशी. तारांचे जंजाळ केवढेही असो, दोन टोकांवर उभे राहून पाहिले की ते एक बॅटरी आणि एक रोध एवढेच दिसते, असे तो सिद्धांत म्हणतो. कॉलेजातल्या पल्लवी मॅडमनी फळ्यावर गणित घातले: बारा व्होल्टची बॅटरी, पुढे सहा ओहमचा रोध, मग टोकांमध्ये आडवा तीनचा. टोकांवर दोन ओहमचा भार.

सिद्धूने भार काढला, टोकांवर चार व्होल्ट आणले. बरोबर. मग रोध मोजण्यासाठी बॅटरी खोडली आणि तिची जागा मोकळी सोडली. उत्तर आले तीन.

"सिद्धूभाऊ, बॅटरीच्या जागी तार ओढा. मग सहा आणि तीन समांतर होतात. उत्तर दोन."

"तार? आवं मॅडम, म्हंजी शॉर्ट?"

"कागदावर आहे हो."

"कागुद असला म्हणून काय झालं? वीज बंद करायची तर फ्यूज काढायचा. वीस वर्सं हेच करतुया."

"का ते नका विचारू. नियम आहे, तसा लिहा."

पाचव्या परीक्षेत तेच आले. सिद्धूने तार ओढली. तळव्याचा डाग चुरचुरला. त्याने ती खोडली, पुन्हा ओढली, पुन्हा खोडली. घंटा झाली तेव्हा कागदावर मोकळी जागाच होती. "मेंढराला बी दोनदा सांगितल्यावर कळतंय!" अशी स्वतःला शिवी हासडत तो एस.टी.त बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने बनुबाईच्या विहिरीवर नवी मोटर बसवली, पण ती फिरेना.

"मोटर बंद असताना मीटर दोनशे तीस दावतंय की रं. मग चालू केल्यावर नुसती कण्हती का?" बनुबाई म्हणाली.

"वझं नसताना समदीच ताठ चालत्यात, काकी."

त्याने मोटर सोडवली आणि तिच्या जागी हीटर जोडला. काटा एकशे ऐंशीवर आला. पन्नास व्होल्ट वाटेत गेले. कुठे? काही लांबच्या तारेत. आणि काही डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पोटात, कारण वीज तिथूनही वाहतेच. मनात डीपीचा दाब, म्हणजे व्होल्ट, शून्य केला तरी तिच्यातली वाट तशीच राहते. दाब काढायचा, वाट ठेवायची; बॅटरीच्या जागची तार ती हीच. आणि तो तर दरवेळी दाबाबरोबर वाटच खिशात घालून बसत होता.

त्याने पेटीच्या दारावर खडूने गणित मांडले. रोध दोन. भार धरून चार ओहम, चार व्होल्ट, एक अँपिअर. मग सिद्धांत बाजूला ठेवून अख्खे सर्किट सोडवले. तरीही एक अँपिअर. हातातला खडू त्याने विहिरीत फेकला.

"काल काय झालं व्हतं हे सुचायला?"

"कुणाला बोलतोयस रं?" बनुबाईने विचारले.

दुपारी जयराज मोटरसायकलवरून सहीला आला. दारावरचे आकडे बघून थांबला.

"थेवेनिन व्हय? बॅटरीच्या जागी तार का, ते मला कवाच कळलं न्हाई गड्या. पाठ केलं आन सुटलो."

सिद्धूने आकड्यांवर बोट ठेवून, दाब आणि वाट वेगळी करून, सगळे सांगितले.

"आयला, लय सोपं हाय की!" म्हणत जयराजने अहवाल मांडीवर घेतला, सही ठोकली आणि निघून गेला.

मोटरसायकलचा आवाज बागेपल्याड विरेपर्यंत सिद्धू पेटीपाशी उभा राहिला, खिशातला फ्यूज मुठीत दाबून.