मुलांसाठी आलेली कार्डं

आमचं साक्षगंध झालं त्या दिवशी आम्हा दोघांना ओसरीवर दहा मिनिटं बोलू दिलं होतं. दाराआडून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता. तो महिनाभरात विलायतेला जाणार होता, कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला. दोन वर्षांनी परतला की लग्न, असं ठरलं होतं. मी फरशीकडे बघत बसले होते.

"तुम्ही शाळेत शिकवता ना?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"मग मी तिकडून तुमच्या मुलांसाठी चित्रं पाठवत जाईन. मोठमोठ्या इमारतींची."

मी म्हटलं, "बरं."

त्याच्याशी मी प्रत्यक्ष बोललेला हा एकच शब्द. लग्नाआधी त्याने मला पत्र लिहिणं आमच्या घरात चाललं नसतं. पण शाळेच्या पत्त्यावर, मुलांसाठी आलेल्या कार्डाला कोण नाव ठेवणार? हे त्याला सुचलं, याचंच मला किती दिवस बरं वाटत होतं.

मी दिग्रसच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवत होते. वडील तिथल्या कापसाच्या जिनवर मॅनेजर होते. माझं सगळं शिक्षण नागपूरला, नन्सच्या शाळेत, इंग्रजीतून झालेलं. त्यामुळे माझं मराठी पुस्तकातलं होतं. मी 'पर्जन्य' म्हटलं की मुलं एकमेकांकडे बघून हसत, आणि मी फळ्याकडे वळत असे. वर्गासमोर उभं राहण्याची मला भीती वाटायची. ती भीती पहिलं कार्ड आलं त्या दिवशी थोडी गेली.

त्या कार्डावर लंडनचा घड्याळाचा मनोरा होता. पोस्टमनने ते वर्गात आणून दिलं तेव्हा सगळी मुलं उठून टेबलाभोवती जमली. मागे इंग्रजीत दोनच ओळी होत्या. ह्या घड्याळाचे ठोके फार लांबवर ऐकू येतात, मुलांना सांगा. बस. मी सांगितलं. मग एका मुलाने विचारलं, "बाई, हे धाडलं कोनं?"

मी कार्ड उलटं करून ठेवलं. माझे कान तापले होते.

"बाईचा भाऊ असन," मागून बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक मुलगी म्हणाली. ती रोज तांड्याहून पायी यायची, वर्गात सगळ्यांत मोठी होती आणि तिचं म्हणणं वर्गात शेवटचं असायचं. "भाऊच धाडते. आनखी कोन धाडन?"

झालं. त्या दिवसापासून तो माझ्या चौथीचा मामा झाला. 'भाऊ नव्हे' असं म्हटलं तर मग कोण, हे सांगावं लागलं असतं. ते मला जमलं नाही.

भिंतीवर जगाचा जुना कापडी नकाशा होता. मामा जिथे असेल तिथे सरकीचा एक दाणा डिंकाने चिकटवायचा, ही कल्पना मुलांचीच. दाणा हलवण्याचं काम तांड्यावरच्या मुलीने आपल्याकडे घेतलं. दोन वर्षं तो दाणा विलायतेतच होता. कधी किल्ला यायचा, कधी मधोमध उघडणारा पूल, कधी उंच खिडक्यांचं चर्च. कार्डांवरचं मुलांनी कधी वहीत लिहून घेतलं नाही, तरी ते त्यांना पाठ असायचं. वर्ग पुढे गेला तरी जुनी मुलं मधल्या सुट्टीत येऊन दाणा बघून जात. तांड्यावरची मुलगी मात्र दरवर्षी परीक्षेच्या वेळी घरच्यांबरोबर कामाला जायची, म्हणून चौथीतच राहिली. मी प्रत्येक कार्ड घरी नेऊन पुन्हा वाचायची. माझ्यासाठी त्यात काही नसायचं, फक्त 'मुलांना सांगा' एवढं असायचं. तो 'सांगा' मला उद्देशून होता.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं तेव्हा त्याचं शिक्षण संपलं. थोडा युरोप बघून इटलीहून बोट धरतो, असं त्याने आपल्या वडिलांना कळवलं. आणि खरंच, पॅरिसचा लोखंडी मनोरा आला.

"जिनच्या चिमनीएवढा हाय काय?" मुलांनी विचारलं.

"दहा चिमण्या एकावर एक ठेवल्या तर."

"वर चढून काय करते लोकं?"

"खाली बघतात."

"मंग चढतेच कायले? खालीच राहावं ना."

मी हसले. वर्गात मी मोठ्याने हसले असं ते पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात पिसाचा कललेला मनोरा आला. गवंड्याच्या मुलाने तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "पायवा कच्चा हाय. मिस्त्रीले पकडाले पायजे." तांड्यावरच्या मुलीने दाणा इटलीवर आणला. तिथून पुढे समुद्र, मग इजिप्त, मग मुंबई. ती रोज वीत लावून मोजायची. "आता फक्त दीड वीत राह्यली, बाई." आई घरी वाती वळताना मुहूर्ताचं बोलत होती. मीही मनातल्या मनात ती वीत मोजत होते.

मग दोन महिने काही आलं नाही.

पुढचं कार्ड आलं त्यावर समुद्रातल्या बेटावर उभी असलेली, हातात मशाल धरलेली बाई होती. डोक्यावर काट्यांचा मुकुट. मी मागची बाजू बघितली. इथे वारा फार आहे, मुलांना ही आवडेल असं वाटतं. या वेळी 'मुलांना सांगा' नव्हतं.

"देवी हाय काय, बाई? कुठली?"

तांड्यावरची मुलगी आधीच दाणा खरवडून, तो बोटाच्या टोकावर घेऊन इजिप्तपाशी उभी होती. मला खोटं सांगता आलं असतं. पण कार्डावर गावाचं नाव छापलेलं होतं, आणि मुलांना मी इंग्रजी अक्षरं शिकवली होती. मी नकाशापाशी गेले आणि बोट डावीकडे नेलं. इटली, पॅरिस, लंडन ओलांडून, सगळा निळा समुद्र ओलांडून.



"मामा त उलटे जाऊन राह्यले," कोणीतरी म्हणालं.

तांड्यावरच्या मुलीने वितीने तो समुद्र मोजला. मग म्हणाली, "उलटे नाही जाऊन राह्यले. बाईनं सांगतलं ना, पृथ्वी गोल हाय? ते तिकडून फिरून येतीन." आणि तिने मोठ्या समुद्रातून बोट नेऊन सगळ्यांना रस्ता दाखवला. आधी जपान, मग कलकत्ता, मग गाडीने नागपूर, तिथून यवतमाळ, आणि मोटारीने दिग्रस. मुलांना हा रस्ता जास्त आवडला, कारण यात कार्डं जास्त येणार होती. मी मान हलवली. त्या रात्री मीही त्या रस्त्यावर विश्वास ठेवला, हे आज लिहायला लाज वाटते.

आठ दिवसांनी त्याच्या वडिलांचं पत्र आलं. मुलाला अमेरिकेत नोकरी लागली आहे, त्याचा विचार बदलला आहे, आपण दुसरीकडे बघायला मोकळे आहात. माझ्या वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि जेवताना म्हणाले, "मंगळवारी जिनचा माणूस नागपूरला जातोय. साक्षगंधाची साडी आणि अंगठी त्याच्याबरोबर त्यांच्या घरी पाठवून देऊ." आईने साडी जुन्या धोतरात बांधली. मला कोणी काही विचारलं नाही. फक्त ती म्हणाली, "शाळेत काही बोलू नकोस हं."

बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं? मी रोज शाळेत जात होते. दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी तांड्यावरची मुलगी माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊबीजेले मामा आलते काय?"

"नाही."

"मंग तुमी ओवाळलं कोनाले?"

मी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. "ते आता येणार नाहीत," मी म्हटलं. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. घरीही म्हटलं नव्हतं.

"मेले काय?"

"नाही. बरे आहेत. तिकडेच राहणार आहेत."

"तिकडं त्यायचं कोन हाय?"

"मला माहीत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग जाऊन आपल्या जागेवर बसली. त्या दिवशी वर्गात कोणी दंगा केला नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुस्तकात पिरॅमिडचा धडा होता. मी फळ्यावर खडूने त्रिकोण काढला, बाजूला नदी काढली, उंची सांगितली, किती हजार वर्षांपूर्वीचे तेही सांगितलं. मुलं हाताची घडी घालून ऐकत होती. गवंड्याच्या मुलानेसुद्धा दगडाबद्दल काही विचारलं नाही.

धडा संपता संपता मागून आवाज आला, "बाई, तिथं आपलं कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तांड्यावरच्या मुलीने वही पुढे ओढली.

"मंग लिहून घ्याचं?"

"हो," मी म्हटलं. "लिहून घ्या."