टूरिस्ट आंटी

सिल्वी आंटी इटलीहून परतल्या की त्यांच्या मोबाइलमधले फोटो बघताना आम्ही बुचकळ्यात पडायचो. त्यांत चर्च नसायचं, समुद्र नसायचा, स्वतः आंटीही नसायच्या. असायची नुसती माणसं. बसची वाट बघणारी, बाकावर डुलक्या घेणारी, हॉटेलच्या मागच्या दाराशी सिगारेट ओढणारी.

मस्कतमधल्या वादी अदाई भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘टूरिस्ट आंटी’ म्हणत. वसईच्या, नवरा कधीच गेलेला, तिथल्याच एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. रजा मिळाली की बाकीचे गावी पळायचे. आंटी मात्र दरवर्षी इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर जायच्या, त्याच त्या जुन्या गावांत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “जुनी गावं एका फेरीत बघून होत नाहीत.”

त्यांचा गुडघा गेला त्या वर्षी त्या माझ्या दारात आल्या. “एकटीनं चढण होत नाही गं. येतेस बरोबर?” मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवते. उन्हाळ्याची सुटी होती, हौसेनं हो म्हटलं. विमानात बसल्यावर त्यांनी खरं सांगितलं.

रेजी हा त्यांचा एकुलता मुलगा. ओमानमध्येच, सोहारला एका वर्कशॉपमध्ये होता. “खूश होता तिथं. मीच मागे लागले, जहाजावर जा, जग बघशील.” तो प्रवासी जहाजावर वेटर म्हणून लागला. एकदा जहाज लिगुरियातल्या सवोनाच्या बंदरात थांबलं, रेजी दुपारी शहरात उतरला आणि परत आलाच नाही. जहाज निघून गेलं. कंपनी म्हणाली, तो आपल्या मर्जीनं गेला. पोलिस म्हणाले, माणूस सज्ञान आहे. बिल्डिंगमध्ये आंटींनी कुणाला सांगितलं नव्हतं. “सांगितलं की लोक रोज विचारणार. मग मी काय सांगू?”

सवोनापासून बस आणि ट्रेननं आम्ही गावामागून गाव केलं. नोलीच्या विटांच्या उंच मनोऱ्यांखाली, फिनालबोर्गोच्या वेशीपाशी मी मान वर करून बघायची आणि आंटी खाली, माणसांचे चेहरे बघायच्या. तरी त्यांना सगळं ठाऊक होतं. आल्बेंगाचं दीड हजार वर्षांपूर्वीचं बाप्तिस्माघर आता रस्त्याच्या पातळीपेक्षा खोल गेलंय. ते दाखवत त्या म्हणाल्या, “हे खचलेलं नाही. आजूबाजूची जमीन वर चढत गेली.” तासन्‌तास त्याच चौकांत बसून त्यांनी हे सगळं पर्यटकांच्या गाइडांकडून ऐकलेलं होतं.

जेवणाची वेळ झाली की त्या प्रत्येक हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दारी जायच्या, रेजीचा फोटो पुढे करायच्या आणि पाठ केलेलं एकच इटालियन वाक्य म्हणायच्या. हा माझा मुलगा आहे. लोक नाही म्हणून मान हलवायचे. एका आजीनं त्यांना पाणी दिलं.

आल्बेंगातच फळांच्या दुकानातल्या बांगलादेशी माणसानं फोटो बराच वेळ हातात धरला.

“एक इंडियन था, किचन में काम करता था. ऐसा ही दिखता था. दाढी थी.”

“कहाँ गया?”

“मालूम नहीं, आंटी. एक दिन चला गया.”

आंटींनी फोटो परत घेतला. बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, “आंटी, म्हणजे तो आहे.”

“असेल तर त्यानं फोन का नाही केला?” मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्या म्हणाल्या, “मला बघून त्यानं दार लावून घेतलं तरी चालेल गं. नाहीतर कुणी हाडं दाखवली तरी चालेल. दोन्हींतलं एक काहीतरी कळू दे.”

पुढची दोन वर्षं त्या फक्त आल्बेंगाला गेल्या. काही कळलं नाही. मग हॉटेलनं लाँड्री बाहेर कंत्राटावर दिली. मॅनेजर म्हणाला, “खलास, सिस्टर, आता आराम करा.” आंटी वसईला परतल्या. तिथून त्यांनी पुन्हा इटलीचा व्हिसा मागितला. नोकरी नाही, एकटी बाई, परत येण्याची खात्री काय, म्हणून तो नाकारला. दुसऱ्यांदाही नाकारला. त्या मला फोनवर म्हणाल्या, “त्यांना वाटतं मी तिथंच राहीन. बरोबरच आहे त्यांचं.”

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मी त्यांना फोन केला. त्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये घराघरातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचून प्रार्थना करतात. आंटी नुकत्याच मिसाच्या प्रार्थनेहून आल्या होत्या. आवाज बसला होता.

“या वर्षी रेजीचं नाव दिलं,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “आंटी, काही कळलं का?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “काहीच नाही कळलं. मी दमले.”