सोंग उघडं पाडलं तेव्हा

हळद शिजल्याचा वास आला की मला धाकट्या भावाची खाट आठवते. निजामाच्या अमलातली गोष्ट. कुरुंद्याला आमच्या शेतात हळद वाळत पडली होती आणि साथीचा ताप उतरून तीन महिने झाले तरी हा गडी कडुलिंबाखाली आडवाच. "अंगात जीवच न्हाई, दादा," म्हणायचा. मला त्याचा रागच यायचा. सोंग, दुसरं काय! एकदा त्याला उघडं पाडायचं म्हणून मी गुपचूप बैल सोडला आणि थेट हळदीत हाकलला. भाऊ धडपडत उठला, धावला, बैल वळवून बांधलासुद्धा. मी टाळ्या पिटत आईला ओरडलो, "बघ, कसा पळून राहिला तुझा आजारी!" दुसऱ्या दिवसापासून त्याला भाकरीचा तुकडाही मोडवेना. आठ दिवस तसेच गेले. आईनं ताट माझ्यापुढं आदळलं. "सोंग हाय न्हवं? मग तूच भरव." मी घास पुढं केला. त्यानं तोंड फिरवलं. "जा, तुझ्या बैलाला चार." परवा एक डॉक्टर सांगत होते, काही विषाणूंच्या तापानंतर माणसाची ताकद महिनोन्महिने परत येत नाही, आणि जबरदस्तीनं उठवलं तर दुखणं उलटतं. मी शहाण्यासारखी मान डोलावली, जसं काही मला हे तेव्हापासूनच ठाऊक होतं.